दीर्घ आजार म्हणजे नेमका कोणता?

गेली एकवीस वर्षं मी निधनवार्ता लिहितोय. तालुका वार्ताहराचं ते पहिलं काम आणि बहुतेक शेवटचंही. फोटो येतो, नाव-गाव-वय येतं, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे वाक्य तर न बघता टाइप होतं. आणि मृत्यूचं कारण? त्याचे माझ्याकडे ठरलेले साचे आहेत. माणूस अचानक गेला तर 'हृदयविकाराच्या झटक्याने'. वय झालेलं असेल तर 'वृद्धापकाळाने'. बाकी सगळ्यांना 'अल्पशा आजाराने' नाहीतर 'दीर्घ आजाराने'.

मागच्या वर्षी पावसाळ्यात माझ्या थोरल्या मावसभावाची बातमी मीच लिहिली. 'दीर्घ आजाराने निधन.' सकाळी पेपरात छापून आलेली वाचली आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या आजाराचं नाव मला माहीत होतं. फुप्फुसाचा कर्करोग. आणि तो वेळच्या वेळी, नीट शब्दांत कागदावर न आल्यामुळे त्या घराची काय फरफट झाली, तेही मी जवळून पाहिलं होतं.

आज त्या कागदांबद्दलच लिहायचंय. पोस्ट लांब आहे, पण घरात कुणी छातीच्या आजाराने अंथरुणाला असेल तर शेवटपर्यंत वाचा.

दादा अठरा वर्षं खडी क्रशरवर कामाला होता. नंतर गावात किराणा दुकान टाकलं. बिडी नाही, तंबाखू नाही, गळ्यात तुळशीची माळ. खोकला सुरू झाला, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण यायला लागली. एक्स-रे काढला तर उजव्या बाजूला वरती डाग. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. तरी कागदावर लिहिलं गेलं 'टीबी' आणि एकेटी सुरू झाली.

इथे मी डॉक्टरांना दोष द्यायला बसलेलो नाही. आपल्याकडे टीबी इतका आहे की छातीत वरच्या भागात डाग दिसला की पहिला संशय टीबीचाच येणार, आणि यायलाही हवा. थुंकी निगेटिव्ह असूनही टीबी असू शकतो, हेही खरं. माझं म्हणणं फक्त पुढच्या ओळीबद्दल आहे, जी लिहिलीच गेली नाही. 'थुंकी निगेटिव्ह. टीबीची खात्री झालेली नाही. दोन महिन्यांत फरक न पडल्यास सीटी स्कॅन आणि बायोप्सी.' एवढं लिहायला अर्धा मिनिट लागला असता. ते नव्हतं, म्हणून दादा ज्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेला त्यांनी कागद पाहिला, 'टीबी, औषध चालू' असं वाचलं आणि तेच पुढे चालू ठेवलं. साडेचार महिने गेले.

या गोष्टीसाठी वैद्यकीय जगात एक शिस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक आजाराला क्रमांक दिलाय, त्याला आयसीडी कोड म्हणतात. आपल्याकडे त्याची दहावी आवृत्ती वापरात आहे. अकरावी २०२२ पासून लागू झाली असली तरी दवाखान्यांच्या फॉर्मवर अजून दहावीच दिसते. याची सुरुवात फार जुनी. १८९३ मध्ये झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची एक यादी तयार केली, तिचीच ही पुढची वाढ.

या यादीत तपासणीतून सिद्ध झालेल्या श्वसनमार्गाच्या टीबीला 'ए १५' आहे आणि सिद्ध न झालेल्याला 'ए १६'. म्हणजे 'आम्ही टीबी धरून चाललोय, पण खात्री नाही' हे सांगायला यादीत वेगळी जागा ठेवलेली आहे. दादाच्या एकाही कागदावर ती खात्री नसल्याची खूण नव्हती.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा कोड 'सी ३४'. त्यातही पुढे पोटभाग आहेत. ३४.० मुख्य श्वासनलिकेचा, ३४.१ फुप्फुसाच्या वरच्या भागाचा, ३४.२ मधल्या भागाचा, ३४.३ खालच्या भागाचा. आणि ३४.९ म्हणजे 'फुप्फुसात आहे, पण नेमका कुठे ते लिहिलेलं नाही'. दुसरीकडे कुठे सुरू झालेला कर्करोग पसरत फुप्फुसात आला असेल, तर त्याचा कोडच वेगळा, 'सी ७८.०'. त्या पेशंटचा उपचार मूळ कर्करोगाप्रमाणे चालतो. कागदावर नुसतं 'लंग कॅन्सर' लिहिलं तर या दोघांत फरक कळत नाही.

मोठ्या इस्पितळांत हे कोड लावायला शिकलेली माणसं असतात. पण त्यांनाही एक नियम असतो. स्वतःच्या मनाने निदान लावायचं नाही, डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढ्यालाच कोड द्यायचा. आणि आपल्या छोट्या दवाखान्यांत काय होतं? क्लेमचा फॉर्म भरणारा काउंटरवरचा पोरगा मोबाइलवर शोधून जो कोड आधी सापडेल तो टाकतो. तो तरी काय करणार? त्याच्यापुढच्या केसपेपरवर अर्धी ओळ असते, तीही वाचता न येणारी.

असो. दादाचं सीटी झालं, शहरात नेऊन बायोप्सी झाली. एडिनोकार्सिनोमा. पण डिस्चार्ज कार्डवर आलं फक्त 'सीए लंग'. म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग, बस. कोणत्या प्रकारचा, कुठला भाग, कितव्या टप्प्यातला, काही नाही.

प्रकार कशाला हवा, असं कुणाला वाटेल. त्यावर तर पुढचं सगळं असतं. स्मॉल सेल प्रकाराचा उपचार वेगळा, एडिनोकार्सिनोमाचा वेगळा. एडिनोकार्सिनोमात, खास करून कधी न ओढलेल्या माणसांत, ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल बऱ्याचदा सापडतो. तो असेल तर रोज एक गोळी, असा उपचार करता येतो. तो बदल तपासायला बायोप्सीचा मेणातला तुकडा लागतो, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, "ब्लॉक कुठाय?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो पहिल्या शहरातल्या लॅबमध्ये पडून होता आणि आमच्या कागदावर नमुन्याचा नंबरसुद्धा नव्हता. भाच्याने त्यासाठी एसटीच्या तीन खेपा केल्या. सुदैवाने ब्लॉक मिळाला, बदल सापडला, गोळी लागू पडली. दादा अकरा महिने हिंडता-फिरता होता. दुकानात बसत होता, पंढरीलाही जाऊन आला. ते अकरा महिने त्या मेणाच्या तुकड्याने दिले, असं मी मानतो.

आता दुसरा कागद. पैशाचा.

दादाने दुकान टाकल्यावर आरोग्य विमा काढला होता. पहिल्यांदा ॲडमिट झाला तेव्हा पॉलिसीला चौदा महिने झाले होते. क्लेम नामंजूर झाला. कारण दिलं, 'आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा, माहिती लपवली.' आम्ही चक्रावलो. खोकला तर तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेला! इस्पितळातून पूर्ण फाइल मागवली तेव्हा उलगडा झाला. पहिल्या रात्री कुणीतरी घाईत माहिती लिहून घेतली होती. इंग्रजीत 'खोकला, तीन' आणि पुढे एक अक्षर. महिन्यांसाठी 'एम' हवा होता, तिथे 'वाय' पडला होता. तीन महिन्यांची तीन वर्षं झाली. त्याच पानावर 'तंबाखू: होय' अशीही खूण होती. माळकरी माणसाला! बहुधा छातीचा पेशंट म्हणजे तंबाखू असणारच, असं धरून केलेली.

नियम असा आहे की विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. २०२४ पर्यंत ही मुदत ४८ महिने होती. म्हणजे 'तीन वर्षांपासून खोकला' ही ओळ कंपनीच्या हातात आयतीच पडली. आम्ही जुन्या डॉक्टरांकडचा पहिल्या तपासणीचा तारखेचा कागद शोधला, इस्पितळाकडून चूक झाल्याचं लेखी घेतलं, कंपनीकडे तक्रार केली, तिथे दाद लागली नाही तेव्हा पुण्याला विमा लोकपालांकडे गेलो. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हे मुद्दाम सांगतो. पैसे मिळाले. पण तोवर वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या आणि त्यावर व्याज चढत होतं. एका अक्षराचं व्याज.

याच पानावर आणखी एक रकाना होता. 'व्यवसाय'. तिथे लिहिलं होतं 'शेती', कारण आधार बघताना कुणीतरी विचारलं आणि सातबारा नावावर आहे म्हणून आम्हीच तसं सांगितलं. अठरा वर्षं दगडाची भुकटी छातीत गेली, ती कुठेच आली नाही. त्या भुकटीतल्या सिलिकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. कामाच्या जागी धुळीशी संबंध येत असेल तर त्यालाही आयसीडीत कोड आहे, 'झेड ५७.२'. दादाचा आजार धुळीनेच झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण उद्या कुणाला हा प्रश्न तपासायचा असेल तर आपल्या तालुक्यातल्या कागदांवर क्रशरवरचा एकही माणूस सापडणार नाही. सगळे शेतकरी. आणि चुलीपुढे तीस-चाळीस वर्षं धूर खाल्लेल्या बायकांच्या पुढे काय लिहिलेलं असतं? 'घरकाम'.

तिसरा कागद शेवटचा.

एका रात्री दादाला दम लागला. शहरात न्यायला वेळ नव्हता, म्हणून गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. पहाटे गेला. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, त्यावर लिहिलं गेलं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. हृदय आणि श्वास बंद पडला. खालच्या ओळी कोऱ्या.

अहो, हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच बंद पडतो. त्यालाच मृत्यू म्हणतात. त्या नमुन्यावर स्पष्ट छापलेलं असतं की मरण कसं आलं ते लिहू नका, ज्या आजाराने आलं तो लिहा. पहिल्या ओळीत तत्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, आणि सगळ्यात खाली मूळ आजार. दादाच्या बाबतीत वर 'श्वसन निकामी' आणि खाली 'उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाचा एडिनोकार्सिनोमा, दीड वर्षापासून' असं हवं होतं. जगभर आकडेवारीसाठी मोजला जातो तो हा मूळ आजार. तो नसेल तर त्या मृत्यूला असा कोड मिळतो की ज्यातून काहीच कळत नाही. अभ्यासक अशा कोडना सरळ 'कचरा कोड' म्हणतात. माझा दादा कचऱ्यात गेला असता.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. सरकारी असो की खासगी, दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला द्यायचं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची. किती जणांनी ही प्रत मागितलीय? मी मागितली, तेव्हा कुठे कोऱ्या ओळी दिसल्या. डॉक्टरांकडे परत गेलो, फाइल पुढे ठेवली. भला माणूस. म्हणाले, "रात्री पेशंट आला तेव्हाच शेवटच्या घटका मोजत होता, फाइल कुणी दाखवली नाही." खरं होतं. फाइल वहिनींच्या पिशवीत होती आणि आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे सुधारित प्रमाणपत्र लिहून दिलं. पाच मिनिटांचं काम.

आता कुणी म्हणेल, माणूस गेला, आता कागदावर काय लिहिलंय याने काय फरक पडतो?

फरक असा पडतो. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीचे कशाने गेले, याची वैद्यकीय नोंद नाही. २०२२ मध्ये देशात कर्करोगाचे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण असतील असा अंदाज आहे, पण तो अंदाज देशातल्या थोड्या भागांत चालणाऱ्या कर्करोग नोंदवह्यांवरून बांधलेला असतो. आपल्या राज्यात मुंबईला ही नोंदवही १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, ती देशातली पहिली. आणि खेड्यांसाठीची देशातली पहिली नोंदवही कुठे सुरू झाली माहितीये? बार्शीला, १९८७ मध्ये, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतली जवळपास साडेतीनशे गावं. तिथले कार्यकर्ते पेशंटची वाट बघत बसले नाहीत. गावोगाव गेले, लोकांशी बोलले, संशयित माणसाला तपासायला आणलं आणि नोंद केली. आपल्यापासून तास-दीड तासावर हे घडलंय आणि आपल्या तालुक्यात मात्र किती जणांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, हे विचारलं तर कुणाकडेच उत्तर नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रं काढायची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण तिथे किती खाटा, कोणती औषधं, किती माणसं द्यायची, हे कशावरून ठरवणार? आकड्यांवरून. आणि आपला आकडा आहे 'दीर्घ आजार', 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' आणि 'वृद्धापकाळ'. टीबीची नोंद करणं २०१२ पासून सगळ्या डॉक्टरांना बंधनकारक आहे, म्हणून टीबीच्या पेशंटचा निदान माग तरी लागतो. कर्करोगासाठी देशभर असं बंधन नाही. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२२ मध्ये ते करावं अशी शिफारस केली होती. आपल्या आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारायला हरकत नाही. रस्त्याच्या उद्घाटनाला भेटतातच की.

डॉक्टरांची बाजूही मला माहीत आहे. सकाळपासून शंभर-सव्वाशे पेशंट बघणारा माणूस कधी लिहिणार? शिवाय कित्येकदा घरचेच हात जोडतात, "साहेब, कॅन्सर लिहू नका, पोरीचं लग्न जमवायचंय." ही भीती खरी आहे. पण यावर कायद्यातच उत्तर आहे. मृत्यूचा जो दाखला आपण बँकेत, तलाठ्याकडे, वारसनोंदीला देतो, त्यावर मृत्यूचं कारण नसतंच, ते उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. कारण लिहिलं म्हणून ते चावडीवर वाचलं जात नाही. आणि पेशंटच्या शंभर ओळी लिहा असं कुणी म्हणत नाही. चार गोष्टी पुरेत: नक्की काय, नक्की कुठे, कशावरून कळलं, कधीपासून. खात्री नसेल तर 'खात्री नाही' हेही लिहा. तेसुद्धा निदानच आहे.

आता आपण काय करायचं, ते सरळ सांगतो.

दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्ड तिथेच वाचा, किंवा वाचता येणाऱ्याला घेऊन जा. आजार कधीपासून, व्यसन, व्यवसाय, या तीन ओळी आधी बघा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. कामाचं विचारलं तर आयुष्यभर जे केलं ते सांगा, सातबारा सांगू नका.

बायोप्सी झाली की रिपोर्टसोबत नमुन्याचा नंबर लिहून घ्या आणि ब्लॉक, स्लाइड कुठे ठेवल्यात ते विचारा.

पूर्ण फाइलची प्रत मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर नियमाने बंधनकारक आहे, हा नियम २००२ पासून आहे. नियमाप्रमाणे कागद तीनच वर्षं ठेवावे लागतात, म्हणून 'नंतर बघू' म्हणू नका.

टीबीचं औषध चालू आहे, थुंकी निगेटिव्ह आहे आणि दोन महिन्यांत फरक नाही, तर औषध मनाने बंद करू नका. डॉक्टरांना एकच विचारा, "हा टीबीच आहे, हे कशावरून?"

आणि माणूस गेलाच, तर रडता रडता का होईना, फाइल डॉक्टरांपुढे ठेवा आणि नमुना ४ ची प्रत मागा. घरी गेला असेल तर ज्यांचे उपचार चालू होते त्या डॉक्टरांकडून नमुना ४ अ घ्या.

आपल्या गावच्या डॉक्टर मंडळींना आणि नगरपरिषदेला माझी विनंती आहे. एक दुपार काढा. ग्रामीण रुग्णालयाच्या हॉलमध्ये बसून नमुना ४ कसा भरायचा याचं एक शिबिर घेऊ. बातमी मी लावतो, चहा-बिस्किटाचा खर्चही माझा.

आणि माझ्या वाटणीचं काम. यापुढे निधनवार्ता घ्यायला कुणी आलं की मी एक प्रश्न जास्तीचा विचारणार आहे, "छापू का, कशाने गेले ते?" नको म्हणाले तर नाही छापणार, तो त्यांचा हक्क. पण विचारणार.

वहिनींना वर्षश्राद्धाच्या जाहिरातीआधी विचारलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लिहा भावजी. आणि क्रशरवर होते, तेही लिहा."